श्लोकाची पाळी

शास्त्रीबुवा, जेवणाआधीच्या श्लोकाचा तुमचा नियम मी मोडला. मोडूनही आता चार वर्षं झाली. तुम्हाला जाऊन त्याच्या चौपट झाली, त्यामुळे कळवायची घाई नव्हती. तुम्ही स्वराज्य पाहिलं नाहीत, जळगावचं आमचं ट्रेनिंग कॉलेज पाहिलं नाहीत, आणि तुमच्या हाताखाली आठ वर्षं व्याकरण घोकलेला शिष्य तिथे प्राथमिक शिक्षकांना मानसशास्त्र शिकवतो, हेही पाहिलं नाहीत. यातली शेवटची गोष्ट ऐकून तुम्ही तोंडातलं पान सांभाळत बराच वेळ हसला असता. माझी नेमणूक मराठीसाठी होती. पण मानसशास्त्राचे सर बदलून गेले, दुसरं कोणी मिळेना, आणि मन या विषयावर संस्कृतात पुष्कळ लिहून ठेवलेलं आहे असं प्राचार्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. एवढ्या पुराव्यावर तो तास माझ्याकडे आला. वसतिगृहाची देखरेख आधीपासूनच माझ्याकडे होती, कारण मी एकटा माणूस, आणि एकट्या माणसाला रात्रंदिवस वेळ असतो अशी सरकारी समजूत आहे.

नियम काय होता हे तुम्हाला सांगायला नको, पण मला तो एकदा नीट मांडून पाहू द्या. धुळ्याला पांझरा नदीच्या बाजूच्या तुमच्या भाड्याच्या घरात आम्ही अकरा विद्यार्थी स्वयंपाकघरातच समोरासमोर दोन रांगांनी बसतो. काकू चुलीपाशी, तुम्ही दाराशी पाटावर. पानं वाढून झाली की ज्याची पाळी असेल त्याने श्लोक म्हणायचा, शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा, मग पहिला घास. इतकं तर कुठल्याही पंगतीत चालतं. तुमची भर त्यापुढची. श्लोकात चूक झाली तर पहिल्यापासून, पुन्हा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर बाकीच्यांनी भाताला हात लावायचा नाही. पाळी टळायची नाही, दुसऱ्याला देता यायची नाही. एकाच्या चुकीने दहाजण ताटकळले की तो एक आपोआप सुधारतो, असं तुमचं म्हणणं. आम्हा दहांना ते पटलेलं होतं, कारण आम्ही सहसा चुकत नसू.

मी एकदा चुकलो होतो. तुम्ही रागावला नाहीत. डाव्या हाताने उपरणं सारखं करत म्हणालात, "माझं काही नाही रे. या दहांना विचार, त्यांचं काय ते." दुपारी माझ्या वहाणा विहिरीत सापडल्या. या दोन गोष्टींचा संबंध लावायला मला पंचवीस वर्षं लागली. कार्यकारणभाव हा न्यायशास्त्रवाल्यांचा विषय, आपण व्याकरणवाले.

धरणगावचा तो आठवत असेल. पाठांतर आमच्यात सगळ्यांत पक्कं, नदीवर एकटा असला की घडाघडा म्हणायचा, आणि एका श्रावणात पानावर बसला की तिसऱ्या चरणाशी जीभ अडायला लागली. त्याच महिन्यात तो कोणाला न सांगता निघून गेला. तुम्ही म्हणालात की त्याच्या अंगात विद्या नव्हती, आणि बोलता बोलता पुढे गेलात: चोरी चोराच्या अंगात असते, छळ करणाऱ्याच्या अंगात छळ असतो, माणूस जन्मतो ते सामान घेऊनच. आम्ही माना डोलावल्या. त्याच्या अंथरुणात कुसळं कोणी टाकली होती हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं, आणि टाकणाऱ्याच्या अंगात तसलं काहीही नव्हतं. पुढे तो फार सज्जन पोस्टमास्तर झाला. मी निघालो तेव्हा तुम्ही मला तुमचं एक उपरणं दिलंत. उपरणं दोन वर्षांत विरलं. नियम टिकला.

तो मी जळगावला आणला. वसतिगृहात चाळीस जण, वीस ते तीस वयाचे, बहुतेक लग्न झालेले, खेड्यात दोन-तीन वर्षं शिकवून मग ट्रेनिंगला पाठवलेले. एकमेकांना गुरुजी म्हणायचे. "गुरुजी, जरा सरका," "गुरुजी, माझा साबण," असं सकाळी न्हाणीघरापाशी चाले. भोजनगृहात मी पाळीची यादी लावली आणि श्लोक सुरू केला, तुमच्या अटींसकट. प्राचार्यांना फार आवडलं. वातावरण निर्माण झालं म्हणाले. झालंच होतं.

त्या वर्षी सोनगीरचा एक जण होता. वीस-बावीस वर्षांचा, अंगाने बारीक, बापाचं तांब्याची भांडी घडवायचं काम. आपल्या एकशिक्षकी शाळेत चार वर्ग एकट्याने सांभाळून आलेला. पाठाच्या तासाला मी त्याला मुलांपुढे शिकवताना पाहिलं होतं, सुरेख शिकवायचा. पण पानावर बसला, एकोणचाळीस भुकेली तोंडं त्याच्याकडे वळली, की दुसऱ्या ओळीत अडायचा. मग पहिल्यापासून. मग थोडा अलीकडे अडायचा. वरणावर साय धरे.

चेष्टा कोणी सुरू केली ते मला आजही सांगता येत नाही, आणि माझ्या विषयाचं सार बहुधा तेच आहे. त्याचं नाव 'पॅसेंजर' पडलं, दर स्टेशनाला थांबणारी. त्याची पाळी आली की कोणीतरी हळूच विचारी, "गुरुजी, आज भुसावळ येईल ना?" दुसरा म्हणे, "अहो, अजून सिग्नल पडला नाही." एकाने हिरवा रुमाल दाखवायला सुरुवात केली. तोही हसायचा. मीही ओठ दाबून हसलोय. विनोद चांगला होता, आणि त्याचीच अडचण झाली. वाईट असता तर आपोआप थांबला असता. मग त्याची पुस्तकं सापडेनाशी झाली. त्याच्या ताटात दोन पळ्या मीठ निघालं. कोणी केलं विचारलं तर सगळे एकमेकांकडे पाहत, आणि त्या पाहण्यात खोटेपणा नव्हता. प्रत्येकाला खरंच वाटत होतं की दुसऱ्या कोणीतरी केलंय.

गंमत पुढे आहे. त्याच महिन्यात मी वर्गात समूहाच्या मनोव्यापारावरचा धडा शिकवत होतो. एकटा असताना माणूस जे करणार नाही ते तो घोळक्यात का करतो, गुन्हा एकाने केला तरी तो होऊ देणारे किती असतात, जबाबदारी वाटून घेतली की पातळ कशी होते. फळ्यावर मी वर्तुळं काढली. परीक्षेत त्या प्रश्नाला सर्वांत चांगलं उत्तर सावद्याच्या एका विद्यार्थ्याने लिहिलं. शांत, नीटनेटका, केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. मी त्याचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. सोनगीरचाही ऐकत होता.

पौषात एका रविवारी या सावद्याच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी सगळ्या वसतिगृहाला भरिताचं आमंत्रण दिलं. मी पुढे स्टेशनावर गेलो, गाडीची व्यवस्था पाहायला. मागे काय झालं ते मला संध्याकाळी कळलं. बसायला गोणपाटं हवीत म्हणून सोनगीरच्याला जळाऊ लाकडाच्या खोलीत पाठवलं. तो आत गेला आणि सावद्याच्याने बाहेरून कडी घातली. ओसरीवर आठ-दहाजण होते, ते हसले. आतूनही हसण्याचा आवाज आला. मग कोणीतरी म्हणालं गाडी चुकेल, आणि सगळे धावले. धावताना प्रत्येक जण धरून चालला की मागचा कडी काढेल. सर्वांत मागे जो होता त्याला वाटलं, पुढच्यांनी काढलीच असेल. आचाऱ्याला सुट्टी होती. वसतिगृहाला कुलूप लावणाऱ्याने कुलूप व्यवस्थित लावलं.

बागेत केळीच्या पानांची रांग मांडलेली. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून त्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजलेली, सोलून लाकडी काठवटीत मिरची-लसणाबरोबर ठेचलेली. जोडीला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. यजमान, म्हणजे सावद्याच्याचे वडील आबा, प्रत्येकाला हाताला धरून बसवत होते. "बसा मास्तर, सावली इकडे शे," असं मला म्हणाले. श्लोक झाला, एका दमात. गजर झाला. मी तीनदा वाढून घेतलं. दुपारी बागेत पाण्याचे पाट कसे फिरवतात ते आबांनी दाखवलं आणि मी त्यात फार रस असल्यासारखं विचारत राहिलो. दिवेलागणीला आम्ही परत आलो, कुलूप काढलं, आणि लाकडाच्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर काहीतरी अगदी सावकाश वाजत होतं. दार वाजवून थकलेला माणूस वाजवतो तसं.

कडी मी काढली. त्याच्या उजव्या तळव्याला पत्र्याची कड लागून मोठी चीर पडली होती, सदऱ्याला रक्त पुसलेलं होतं. सकाळी सातपासून पाणी नाही. तो बाहेर आला. माठापाशी गेला, डाव्या हाताने तीन फुलपात्रं पाणी प्यायला आणि पाय धुवायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ट्रंक घेऊन सोनगीरला गेला.

सावद्याचा माझ्या खोलीत स्वतः आला. कडी मी घातली म्हणाला. का ते मी विचारलं. तो म्हणाला, "सर, त्या दिवशी पाळी त्याची होती. यादीत तसंच होतं. आबांनी पहाटेपासून राबून सगळं केलेलं. चारदा पहिल्यापासून झालं असतं तर भरीत गार झालं असतं, आणि आबांना ते काय वाटलं असतं? पाळी टळत नाही म्हणून माणूसच टाळला." हे तो अगदी सरळ, पाठ समजावून द्यावा तसं बोलला. शास्त्रीबुवा, त्याच्या अंगात काय होतं ते मी शोधून पाहिलं. बापाची काळजी होती. एवढंच सापडलं.

प्राचार्यांना नाव हवं होतं. एक नाव दिलं की वर कळवता येईल, त्याला काढता येईल, आणि सोनगीरचा आठ दिवसांत परतला नाही तर त्याचंही नाव कमी करून टाकता येईल. त्याचं नाव कमी झालं असतं तर खेड्यातली त्याची शाळाही गेली असती. दोघांची पोटं त्या एका कागदावर होती. मी म्हणालो, एक नाव दिलं तर बाकीचे शांत झोपतील, मला ते चालणार नाही. प्राचार्य म्हणाले, तुम्हाला चाळीसही नावं द्यायची असतील तर वर पाठवायच्या तक्त्यात तेवढी जागा नाही. शेवटी असं ठरलं की आठ दिवसांत मी त्याला परत आणायचं. तो परत आला आणि त्याची तक्रार नसेल तर कागद वर जाणार नाही.

आधी मी एकेकाला खोलीत बोलावलं. एकोणचाळीस जणांना एकच प्रश्न: गेले दोन महिने जे चाललं होतं ते तुम्हाला आवडत होतं का? एकोणचाळीस जण नाही म्हणाले. बहुतेकांनी पुढे तेच जोडलं, की मला नव्हतं आवडत, पण सगळ्यांना मजा येत होती, मग मी एकट्याने कशाला. हिरव्या रुमालाचा मालकही हेच म्हणाला. कोणी खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. मग मी सगळ्यांना वर्गात बसवलं आणि नावं न घेता जे ऐकलं ते सांगितलं. मागच्या बाकावरून एक जण हळू म्हणाला, "मग केलं कोणी, सर?"

मी फळ्याकडे वळलो. फळ्यावर मागच्या तासाची वर्तुळं अर्धवट पुसलेली होती.

सोनगीरला जाताना मी धुळ्याला उतरलो आणि काकूंकडे गेलो. त्या पुतण्याकडे राहतात. दिसत कमी, पण आवाजावरून ओळखलं. "वाळलास रे. जळगावात जेवायला घालत नाहीत का?" मी म्हटलं, घालतात, श्लोक झाल्यावर. त्यांनी कपाळाला हात लावला. "अजून चालवतोयस ते? अरे, तुमच्या शास्त्रीबुवांना भूक कधी लागतच नसे, त्यांना काय. तुम्हा पोरांना लागायची." मी त्यांना सगळं सांगितलं. त्या वाती वळत ऐकत होत्या. मग त्यांनी धरणगावच्याचं नाव घेतलं, जे मी तीस वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "तिसऱ्या चरणाशी यायचा आणि अडायचा. मग मी झाकण पाडायची. कधी पळी. आवाजात कोणाला काही कळत नसे, तुमचा गजर सुरू व्हायचा. ते म्हणायचे, हिच्या हातात जोर राहिला नाही."

तुम्ही तसं म्हणायचात, मला आठवतं. मी विचारलं, मग तो गेला कसा? काकू म्हणाल्या, "मी नव्हते ना. आई आजारी होती म्हणून शिरपूरला होते, महिनाभर. आले तर त्याचं आसन गुंडाळून कोपऱ्यात उभं." आणि वात संपवून: "त्यानंतर कधी भांडं पडलं का माझ्या हातून? आठव बघू." मी आठवून पाहिलं. नाही पडलं. अकरा विद्यार्थी आणि एक शास्त्री, शब्दाच्या प्रत्येक अक्षराला कान लावून बसलेले, आणि हे कोणाच्या कानावर गेलं नाही. तुमच्या घरात मानसशास्त्र कोणाला येत होतं याचा निकाल असा लागला. तुम्हाला वाईट वाटू देऊ नका. पदवी मलाही मिळालेली आहे.

सोनगीरला किल्ल्याखालच्या आळीत ठोक्यांचा आवाज लांबूनच येतो. घर शोधावं लागलं नाही. तो दारात बसला होता, हाताला फडकं बांधलेलं. वडील आत घागरीचा गळा ठोकत होते. ते काम थांबवून बाहेर आले, मला पाणी दिलं, आणि समोर उकिडवे बसले. त्यांना एकच गोष्ट समजून घ्यायची होती. "मास्तर, तो घरमा बोलस. त्यानी शाळामा बोलस. तुमनाकडेच का बरं अडकस?"

मी म्हटलं, तो अडकत नाही, आम्ही अडकवतो. आणि त्यांना नियम सांगितला. पानं वाढलेली, चाळीस जण थांबलेले, एकाने म्हणायचं, चुकला तर पुन्हा. ते लक्ष देऊन ऐकत होते, एखाद्या परदेशातली चाल ऐकावी तसे. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मंग जेवी ल्या ना. कोन धरेल शे तुमले?"

आम्हाला धरून तर कोणीच ठेवलेलं नव्हतं. मी म्हटलं, यापुढे जेवू. नियम काढून टाकला आहे. खरं तर तो मी त्या क्षणी काढला. वडील मुलाकडे पाहून म्हणाले, तुझं तू ठरव, आणि आत जाऊन पुन्हा ठोकायला लागले. मी त्याला आठ दिवसांचं सांगितलं, त्याच्या शाळेचं सांगितलं. सावद्याच्याचं काय होईल तेही सांगितलं, आणि हे दडपण आहे हे कबूल केलं. एकोणचाळीस जण काय म्हणाले ते सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. बाकीच्यांबद्दल त्याने काही विचारलं नाही. मग मराठी सोडून घरच्या बोलीत, कुठेही न अडखळता, त्याने मला विचारलं.

"सर, मी पंगतमा नही व्हतू, हाई तुमले दिसनं व्हतं का?"

मी नाही म्हटलं.

तो उठला. मग आत गेला आणि ट्रंक घेऊन आला. आम्ही तिसऱ्या प्रहरच्या मोटारीने निघालो.

पुढचं थोडक्यात सांगतो. जळगावच्या स्टँडवर सावद्याचा उभा होता. त्याने ट्रंक घेतली आणि दोघे पुढे चालले, मी मागे. त्याने माफी मागितली की नाही हे मला माहीत नाही. यादी मी भिंतीवरून काढली. श्लोक आता सगळे मिळून म्हणतात, ज्याला येतो तो म्हणतो, कोण चुकलं हे त्या गलक्यात कळत नाही आणि अन्न गार होत नाही. त्याच्या जागी दुसरा एक नियम ठेवला: पहिला घास घेण्याआधी प्रत्येकाने आपल्या डावीकडचं पान पाहायचं. तिथे माणूस नसेल तर उठायचं आणि तो कुठे आहे ते पाहून यायचं. दुसरा कोणी उठेल असं समजायचं नाही, कारण त्याची डावी बाजू वेगळी आहे. पहिले काही दिवस सगळ्यांना हसू आलं. 'पॅसेंजर' हा शब्द पुढे एकदाच ऐकला. म्हणणारा हशासाठी थांबला, आला नाही, तेव्हा वरण मागू लागला. ती चाळीस माणसं आता चाळीस गावांत शिकवतात. श्लोकाचा नियम त्यांनी बरोबर नेला नसावा, एवढी आशा मी धरतो. मी तुमच्याकडून किती सहज नेला होता ते मला माहीत आहे. प्राचार्यांनी विचारलं, ही डाव्या पानाची कल्पना कुठून सुचली. मी म्हटलं, मानसशास्त्रातून. त्यांनी अहवालात तसं लिहिलं.

हे पत्र मी खरं तर सोनगीरच्याला लिहायला बसलो होतो. तो आता साक्रीच्या बाजूला एका शाळेवर आहे, दिवाळीला कार्ड पाठवतो, अक्षर सुंदर आहे. पाकिटावर त्याचा पत्ता घालून झाला. मग कागद घेतला आणि वर 'शास्त्रीबुवा' लिहिलं गेलं. तुम्ही उलट टपाली काही विचारणार नाही, एवढाच त्यातला फायदा. पाकीट टेबलावर आहे. आज ते जाणार नाही.

त्याला लिहायचं होतं ते असं. केळीच्या बागेत आबांनी मला रांगेच्या टोकाला बसवलं होतं. तिथून सगळी पानं दिसतात. एका पानापाशी कोणी नव्हतं. पाळीची यादी माझ्या खिशात होती, मी ती काढून नाव वाचलं आणि पुन्हा त्या पानाकडे पाहिलं. भरिताची वाफ येत होती. तो कुठे आहे हे मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याला शोधावं लागलं असतं, आणि सापडला असता तर त्याने श्लोक म्हटला असता. मला बरं वाटलं. मी यादीतल्या पुढच्याला हाताने खूण केली. नंतर एकेकाला खोलीत बोलावलं तेव्हा निम्म्याहून अधिक जण जे म्हणाले ते मी वर्गात सांगितलं नाही, सोनगीरलाही नाही. ते म्हणाले, सरांनी खूण केली, तेव्हा आम्हाला वाटलं सरांना ठाऊक असेल. हे पुढे त्याला कोणी सांगितलं असेल की नाही, माहीत नाही. कार्डावर तो त्याबद्दल काही लिहीत नाही. प्रकृती विचारतो, आणि मी उत्तरात ठीक आहे म्हणून कळवतो.